लार्चवृक्षावरील पतंगाची बाराशें वर्षांची नोंद : साधनांच्या मौनाविषयीं कांहीं विचार

१. इतिहाससाधनांचें मौन हा विषय आपल्या संशोधकांस नवा नाहीं. अमुक प्रसंग घडला असता तर त्याचा उल्लेख समकालीन कागदांत आला असता, तो आलेला नाहीं, सबब तो प्रसंग घडलाच नाहीं, ही अनुमानसरणी आपल्या वादांत पदोपदीं आढळते. उलटपक्षीं, कागद गहाळ झाले असतील, तेव्हां मौनास कांहींच किंमत देऊं नये, असें म्हणणारेहि पुष्कळ आहेत. ह्या दोन टोकांमध्यें खरी मर्यादा कोठें घालावी, हें ठरविण्यास एक उत्तम उदाहरण यूरोपांतील आल्प्स पर्वतांत मिळतें. तें एखाद्या राजाचें किंवा लढाईचें नसून लार्च नांवाच्या वृक्षाचीं पानें खाणाऱ्या एका लहानशा पतंगाचें आहे. विषय प्रथमदर्शनीं इतिहासाबाहेरचा वाटेल. परंतु त्याचें साधन, त्या साधनाच्या वाचनाची रीत व त्यावरून निघालेले निष्कर्ष हीं सर्व पोथ्या व दफ्तरें हाताळणाऱ्यांच्या ओळखीचींच आहेत, असें आमचें मत झालें आहे. तें येथें सप्रमाण मांडण्याचें योजिलें आहे.

२. प्रथम वृक्षाची ओळख करून देणें अवश्य आहे. लार्च हा सूचिपर्णी वर्गांतील वृक्ष होय. देवदार, चीड वगैरे आपल्या परिचयाचे त्या वर्गांतील वृक्ष बारमास हिरवे असतात. लार्चचा विशेष हा कीं, शरदृतूंत त्याचीं सुईसारखीं पानें सोनेरी पिवळीं होऊन गळतात व पुढील वसंतांत नव्या मऊ पानांचे झुबके फुटतात. हिमालयांत पूर्व नेपाळ, सिक्कीम व भूतान ह्या बाजूस ह्याची एक जात आहे. महाराष्ट्रांत हा वृक्ष होत नाहीं. आल्प्समध्यें उंचावरचीं पुष्कळ अरण्यें ह्याचींच आहेत.

लार्चच्या लांकडाची कीर्ति फार जुनी आहे. इ. स. पूर्व पहिल्या शतकांतील रोमन वास्तुशास्त्रज्ञ व्हिट्रुव्हियस ह्यानें आपल्या ग्रंथाच्या दुसऱ्या भागांत एक कथा दिली आहे. आल्प्सनजीकच्या लारिग्नुम नांवाच्या किल्ल्यानें जूलियस सीझरच्या सैन्यास रसद देण्याचें नाकारलें. किल्ल्याच्या दारापुढें लांकडी बुरूज होता. त्याच्याभोंवतीं फाटा रचून आग लावण्यांत आली. ज्वाळा आकाशास भिडल्या. परंतु आग शमल्यावर बुरूज जसाचा तसा उभा! तें लांकूड लार्चचें होतें. कथेंत अतिशयोक्ति उघड आहे. पण तिच्या जोडीस व्हिट्रुव्हियस आणखी एक विधान करतो, त्याकडे आम्ही वाचकांचें लक्ष वेधूं इच्छितों. लार्चचा रस कडू असल्यामुळें त्यास कुजण्यापासून व 'टिनिया'पासून इजा होत नाहीं, असें तो म्हणतो. टिनिया हा लॅटिन शब्द पतंग, कसर व कागद-कापड कुरतडणारी अळी ह्या सर्वांस लावीत असत.

आतां एखाद्या उतावळ्या वाचकानें ह्यावरून असें अनुमान काढावें कीं, व्हिट्रुव्हियसच्या काळीं लार्चवर पतंग नव्हता, तर तें सर्वस्वी चुकीचें ठरेल. ग्रंथकार इमारती लांकडाविषयीं बोलत आहे. आमचा पतंग लांकडास स्पर्शहि करीत नाहीं, तो हिरवीं पानें खातो. साधनकार कशाविषयीं बोलत आहे हें पाहिल्यावांचून त्याच्या नकारास अर्थ नाहीं, हा पहिला धडा येथेंच मिळतो. प्लिनीनें आपल्या ग्रंथांत रीशिया प्रांतांतून टायबीरियस बादशहासाठीं लार्च तोडविल्याचें व एका लार्चच्या १२० फूट लांब वाशाचें वर्णन केलें आहे; परंतु हाहि इमारतीचाच विषय होय.

३. पतंगाचें चरित्र थोडक्यांत असें. पंख पसरले असतां सुमारें दोन सेंटिमीटर भरेल इतकेंच हें करड्या रंगाचें पाखरूं. उन्हाळ्याच्या अखेरीस, ऑगस्ट-सप्टेंबरच्या सुमारास, मादी लार्चच्या फांद्यांवर वाढणाऱ्या दगडफुलाखालीं किंवा शंकूंच्या खवल्यांआड अंडीं घालते. सारा हिंवाळा अंडीं तशींच राहतात. वसंताच्या अखेरीस लार्चला पालवी फुटते त्याच सुमारास अळ्या बाहेर पडतात. प्रथम त्या झुबक्यांतील पानें रेशमासारख्या धाग्यानें एकत्र विणून त्यांची नळी करतात व आंत राहून खातात. मोठ्या झाल्या म्हणजे त्या फांदीभर जाळीं पसरतात, आणि खातात त्याहून अधिक पानें अर्धवट कुरतडून वाळवितात. त्यामुळें जोराच्या वर्षीं ऐन जुलैमध्यें डोंगराची संबंध उतरण वणव्यानें भाजल्यासारखी तांबूस दिसते. पुढें अळ्या धाग्यावरून जमिनीवर उतरून पाचोळ्यांत कोश करतात व त्यांतून नवे पतंग निघतात. वर्षांतून पिढी एकच.

लार्चवृक्ष ह्या आपत्तीनें क्वचितच मरतो. त्याच उन्हाळ्यांत त्यास पुन्हां पालवी फुटते. मात्र दुसऱ्या वर्षीं येणारीं पानें आंखूड, चरबट व निकस असतात, आणि पूर्ववत् स्थिति येण्यास कांहीं वर्षें जावीं लागतात. समुद्रसपाटीपासून १७०० ते २००० मीटर उंचीच्या पट्ट्यांत पतंगाची वाढ विशेष होते. चारपांच वर्षांत त्याची संख्या हजारों पटींनीं वाढते, आणि तितक्याच त्वरेनें ती कोसळते. मग कित्येक वर्षें शोधूनहि अळी मिळणें कठीण.

नांवाविषयीं एक खुलासा केला पाहिजे. हूबनर ह्यानें १७९९ मध्यें ह्या पतंगास 'ग्रिसिआना' म्हणजे करडा असें नांव दिलें; गेने ह्यानें १८४५ मध्यें 'डिनियाना' हें नांव दिलें. शास्त्रीय ग्रंथांत 'झैराफेरा ग्रिसिआना' व 'झैराफेरा डिनियाना' हीं दोन्हीं नांवें आढळतात. एकाच ग्रंथाच्या दोन नांवांमुळें सूचीकारानें दोन ग्रंथ कल्पावे, तसा घोटाळा येथें होऊं नये, म्हणून हें सांगितलें. आपल्या जुन्या वाङ्मयांतहि असाच संभ्रम 'शलभ' शब्दानें होतो. सहा ईतींच्या गणनेंत शलभ म्हणजे शेत फस्त करणारा टोळ. आणि काव्यांत दीपावर झेंप घालणारा शलभ म्हणजे पतंग.

४. आतां कागदी साधनांकडे वळूं. आल्प्सच्या आसपास मठांतून, नगरांतून व बिशपांच्या दरबारांतून मध्ययुगापासून बखरी व न्यायलेख लिहिले गेले आहेत. त्यांत किडींची वार्ता नाहीं असें नाहीं. १३३८ च्या सुमारास मध्य यूरोपावर आलेली टोळधाड लोकांनीं लिहून ठेविली आहे. १४७९ मध्यें लोझान येथील बिशपच्या न्यायासनापुढें पिकांचीं मुळें खाणाऱ्या अळ्यांवर रीतसर खटला चालून त्यांना बहिष्काराची शिक्षा फर्माविण्यांत आली, हें तर प्रसिद्धच आहे. मग दर आठनऊ वर्षांनीं डोंगरच्या डोंगर तांबडे करणारा पतंग ह्या लेखकांच्या दृष्टीस पडला नाहीं काय?

दृष्टीस पडला असेलच; परंतु टोळानें धान्य जातें, मुळांवरील अळीनें पीक जातें, धान्याबरोबर धर्मादायाचा व जमीनदाराचा वांटा जातो. लार्चवरील पतंगानें कोणाचें कांहीं बुडत नसे. झाड मरत नसे, इमारती लांकूड नासत नसे, महिन्या-दीड महिन्यांत डोंगर पुन्हां हिरवा होत असे. ज्यानें कोणाचा वसूल तुटत नाहीं, तें दफ्तरांत उतरत नाहीं. हा न्याय आपल्याकडे जितका खरा, तितकाच तिकडेहि.

पतंगाविषयींचे कागद वाढूं लागतात ते एकोणिसाव्या शतकांत, आणि तेहि अरण्यें सरकारी देखरेखीखालीं येऊं लागल्यावर. स्वित्झर्लंडमध्यें डोंगरी अरण्यांच्या रक्षणाचा संयुक्त कायदा १८७६ मध्यें झाला. त्या देशाचा मुख्य वनाधिकारी योहान कोआझ ह्यानें १८९४ मध्यें करड्या लार्च-पतंगाच्या स्वाऱ्यांवर एक पुस्तक प्रसिद्ध केलें. हाच कोआझ १८५० मध्यें पिझ बेर्निना ह्या शिखरावर प्रथम चढलेल्या मंडळींचा पुढारी होता. पुढें हवापालटास व सहलीस येणारे लोक वाढले. ऐन हंगामांत करपलेलें रान पाहून त्यांचा हिरमोड होऊं लागला, आणि पतंग हा खऱ्या अर्थानें फिर्यादीचा विषय झाला. इन नदीच्या उगमाकडील वरच्या एंगाडीन खोऱ्यांत १९४९ पासून अळ्यांची पद्धतशीर मोजदाद सुरू झाली. वेर्नर बाल्टेन्सवायलर प्रभृति अभ्यासकांनीं ती कित्येक दशकें चालविली.

केवळ कागदांवर भिस्त ठेवणारा इतिहासकार ह्या सर्वांवरून काय म्हणेल? हा उपद्रव एकोणिसाव्या शतकांत उत्पन्न झाला व विसाव्यांत वाढला, असेंच तो म्हणेल. वस्तुतः वाढले ते कागद. पतंग होता तेथेंच होता. हें आम्ही कशावरून म्हणतों, तें पुढील साधनावरून दिसून येईल.

५. हें दुसरें साधन म्हणजे खुद्द लार्चचें खोड होय. थंड प्रदेशांत झाडाच्या खोडांत दरवर्षीं एक वलय वाढतें. त्याचा आंतील भाग वसंतांत व उन्हाळ्याच्या आरंभीं तयार होतो. तो फिका व पोकळसर असतो. बाहेरील भाग उन्हाळ्याच्या उत्तरार्धांत तयार होतो. तो गडद व घट्ट असतो. चांगल्या वर्षीं वलय रुंद, वाईट वर्षीं अरुंद. त्यामुळें एका प्रदेशांतील झाडांच्या वलयांची रुंद-अरुंद अशी जी मालिका बनते, ती एखाद्या ग्रंथाच्या अक्षरपंक्तीसारखी ओळखतां येते.

जिवंत झाडाचें शेवटचें वलय कोणत्या वर्षाचें तें ठाऊक असतें. तेथून मागें मोजीत जावें. त्या झाडाचीं आरंभींचीं वलयें एखाद्या जुन्या घराच्या तुळईंतील शेवटच्या वलयांशीं जुळलीं, म्हणजे तुळईचा काळ निश्चित होतो. आणि तुळईचीं आरंभींचीं वलयें आणखी जुन्या तुळईशीं जुळवून तसेंच मागें जातां येतें. एका पोथीचीं आरंभींचीं पानें गेलेलीं, दुसरीचीं शेवटचीं गेलेलीं. परंतु मधला भाग दोहींत समान असला म्हणजे सबंध ग्रंथ उभा राहतो. संशोधक हेंच करीत आले आहेत. ही पद्धति अमेरिकन खगोलशास्त्रज्ञ ए. ई. डग्लस ह्यानें रूढ केली. १९२९ मध्यें अॅरिझोनांतील शो लो ह्या गांवीं सांपडलेल्या एका जळक्या तुळईनें त्याच्या दोन तुटक मालिका जोडल्या गेल्या व तेथील प्राचीन वस्त्यांचे काळ वर्षासकट ठरले. एका कोळसा झालेल्या लांकडाच्या तुकड्यानें इतकें काम केलें, हें संग्राहकांनीं ध्यानांत ठेवण्यासारखें आहे.

६. पतंगाची खूण वलयांत कशी उमटते? पानें जातात तीं उन्हाळ्याच्या मध्यास. त्यापूर्वीं वलयाचा आंतील फिका भाग मागील वर्षाच्या सांठ्यावर बराचसा तयार झालेला असतो. परंतु बाहेरील गडद भागासाठीं लागणारें अन्न पानांनींच पुरवावयाचें. पानेंच नसल्यामुळें त्या वर्षीं तो भाग पातळ व हलका राहतो. पुढील एकदोन वर्षें वलयेंच अरुंद येतात. ही घनता क्ष-किरणांच्या साह्यानें मोजतां येते. लांकडाची घनता क्ष-किरणांनीं मोजण्याची रीत फ्रान्समध्यें पोल्ज ह्यानें १९६० नंतरच्या दशकांत बसविली, आणि स्वित्झर्लंडमध्यें श्वाइनग्रूबर ह्यानें तिचा वलयविद्येंत मोठा विस्तार केला.

येथें एक शंका साहजिकच येते. उन्हाळा थंड गेला तरीहि वलयाचा गडद भाग हलका राहतो. १८१५ मध्यें जावाच्या पूर्वेकडील तांबोरा ज्वालामुखीचा स्फोट झाला व १८१६ चा उन्हाळा यूरोपांत थंडीनें वाया गेला, हें सर्वश्रुत आहे. तेव्हां अमुक वलय हलकें दिसतें तें थंडीमुळें कीं पतंगामुळें, हें कसें ओळखावें? ह्यास उपाय दुसरा साक्षीदार. त्याच डोंगरावर स्प्रूस नांवाचा दुसरा सूचिपर्णी वृक्ष वाढतो. तो ह्या पतंगाचें मुख्य भक्ष्य नाहीं. ज्या वर्षीं लार्च व स्प्रूस दोघांचींहि वलयें हलकीं, तें वर्ष थंडीचें. ज्या वर्षीं लार्चचेंच वलय हलकें व स्प्रूसचें नेहमींसारखें, तें वर्ष पतंगाचें. पेशवे दफ्तर व इंग्रजांच्या वखारींचे कागद ताडून पाहणाऱ्यांस ह्या युक्तीची नवलाई वाटणार नाहीं. एकाच पक्षाच्या कागदांत दिसणारी गोष्ट त्या पक्षाची. दोन्हीं पक्षांच्या कागदांत दिसणारी गोष्ट काळाची.

७. वाले प्रांतांतील लोचेन्ताल खोरें व सिम्प्लॉनचा परिसर येथें लार्चच्या लांकडाचीं जुनीं घरें आहेत. तेथील जिवंत झाडें व जुन्या इमारतींचें लांकूड मिळून १८० घनता-मालिका ब्युंटगेन व त्यांच्या सहकाऱ्यांनीं एकत्र केल्या आणि इ. स. ७५५ पासून २००४ पर्यंतच्या उन्हाळ्यांचें तपमान २००६ मध्यें प्रसिद्ध केलें. पुढच्याच वर्षीं, २००७ मध्यें, यान एस्पर, ब्युंटगेन व इतर अशा पांच संशोधकांनीं लंडनच्या रॉयल सोसायटीच्या नियतकालिकांत लार्च-पतंगाची बखर प्रसिद्ध केली. तिला आधार ४७,५१३ घनता-मोजमापांचा होता. काळ इ. स. ८३२ पासून २००४ पर्यंत, म्हणजे ११७३ वर्षें. पतंगाची वर्षांस एक पिढी, ह्या हिशेबानें हजाराहून अधिक पिढ्यांची ही वंशावळ झाली. आरंभाचें वर्ष आपल्या कालगणनेनें शके ७५४ येतें. त्या वेळीं मान्यखेट येथें राष्ट्रकूट अमोघवर्ष राज्य करीत होता. इतक्या दूरच्या काळचा वर्षवार अखंड लेख आपणांस कोणत्याहि राजवंशाचा मिळत नाहीं, तो ह्या पाखराचा मिळाला आहे.

ह्या लेखाचें तात्पर्य असें निघालें. पतंगाची साथ सरासरीनें दर ९.३ वर्षांनीं येत आली. मध्ययुगांतील उबदार शतकें आलीं व गेलीं. पुढें थंडीचीं शतकें आलीं, हिमनद्या खालीं उतरल्या. पण पतंगाचा फेरा चुकला नाहीं. जो उपद्रव कागदांवरून एकोणिसाव्या शतकांतला वाटत होता, तो निदान हजार वर्षांपूर्वींपासून नियमानें चालत आल्याचें सिद्ध झालें. कागदांच्या मौनावरून काढलेलें अनुमान झाडानें खोडून काढलें.

८. परंतु त्याच लेखाच्या शेवटीं एक दुसरें मौन होतें, आणि आमच्या मतें तेंच अधिक विचारणीय आहे. १९५३ ते १९८२ ह्या काळांत लागोपाठ चार साथी आल्या. त्यानंतरची साथ हिशेबाप्रमाणें १९९० च्या आसपास यावी, ती पूर्वींच्या जोरानें आली नाहीं. तिच्या पुढचीहि आली नाहीं. हजार-अकराशें वर्षांच्या लेखांत अशी पोकळी दुसरी नाहीं. त्याच दशकांत आल्प्समधील ऊब मागील हजार वर्षांत न आढळलेल्या मर्यादेस गेली. तेव्हां वाढत्या उष्णतेनें हा प्राचीन फेरा मोडला असावा, असें संशोधकांनीं सुचविलें. २०१० मध्यें जॉन्सन प्रभृतींनीं त्यास कारण दाखविलें कीं, पतंगास अनुकूल असा पट्टा डोंगरावर वर वर सरकत चालला असून, वर झाडांची हद्दच संपते.

हें अनुमान निराधार नव्हतें, हें आम्ही मुद्दाम सांगतों. लेखक तोच, लिपि तीच, विषय तोच. अकराशें वर्षें नियमानें नोंद करणारा साक्षीदार एकाएकीं गप्प झाला, तर त्याच्या गप्प होण्यास अर्थ आहेच. प्रश्न इतकाच कीं, तो अर्थ कोणता?

उत्तर पतंगानेंच दिलें. २०१७ व २०१८ मध्यें तो पुन्हां मोठ्या संख्येनें प्रगट झाला. त्यावर ब्युंटगेन व सहकाऱ्यांनीं २०२० मध्यें जो निबंध प्रसिद्ध केला, त्यांत महत्त्वाची गोष्ट ही दाखविली कीं, मधल्या काळांतहि पतंगाची संख्या दर आठनऊ वर्षांनीं वरखालीं होतच होती. फक्त तिची उंची साथीच्या पातळीस पोंचत नव्हती. १९५३ ते १९८२ ह्या काळांतील साथी यूरोपांतील कडक हिंवाळ्यांच्या काळाशीं जुळतात. हिंवाळे सौम्य झाल्यावर अंडीं अधिक मरत असावींत, किंवा अळी बाहेर पडण्याची वेळ व पालवीची वेळ ह्यांचा मेळ चुकत असावा, किंवा साथीचें मूळ ठिकाण वर सरकलें असावें, अशीं तीन कारणें ते संभवनीय मानतात.

म्हणजे फेरा मोडला नव्हता. तो झाडाच्या नोंदीच्या मर्यादेखालीं गेला होता. झाड केव्हां लिहितें? त्याचीं बहुतेक पानें जातील तेव्हां. थोडीं पानें गेलीं तर झाड निभावून नेतें व वलयांत कांहींच उतरत नाहीं. त्यामुळें झाडाच्या मौनाचा अर्थ 'पतंग नव्हता' असा करणें अयुक्त. 'पतंग अमुक मर्यादेच्या वर नव्हता' इतकाच अर्थ युक्त. मौनानें साक्ष दिली ती तीव्रतेची दिली, अस्तित्वाची दिली नाहीं.

९. फेऱ्याच्या कारणांविषयीं विद्वानांचीं मतें कशीं बदललीं, हेंहि थोडक्यांत सांगण्यासारखें आहे. १९५० नंतरच्या पहिल्या साथीच्या अखेरीस अळ्यांत एक विषाणुजन्य रोग मोठ्या प्रमाणावर आढळला. तेव्हां रोग हेंच ओहोटीचें कारण ठरविण्यांत आलें. परंतु पुढच्या ओहोटींत तो रोग दिसेना आणि संख्या मात्र पूर्ववत् कोसळली. मग पानें निकस होतात हें कारण पुढें आलें. २००३ मध्यें टर्चिन व इतरांनीं गणितानें दाखविलें कीं, अळीच्या अंगांत अंडीं घालणाऱ्या बारीक गांधीलवर्गीय माशांचा ह्या चढउतारांत मोठा हात असून पानांचा निकसपणा त्यास जोड देतो. एका प्रसंगांत जें कारण जवळ दिसलें, तेंच सर्व प्रसंगांचें कारण, असें मानण्याची घाई किती महाग पडते, ह्याचें हें उदाहरण समजावें. ज्याच्यापाशीं एकाच लढाईचे कागद आहेत, त्यानें सर्व लढायांचें कारण सांगूं नये.

१०. आतां मूळ प्रश्नाकडे येऊं. आपल्या शास्त्रकारांनीं ह्याचा विचार फार सूक्ष्म केलेला आहे. भाट्ट मीमांसक व अद्वैतवेदान्ती हे अनुपलब्धि म्हणजे 'न आढळणें' हें स्वतंत्र प्रमाण मानतात. नैयायिक तें वेगळें मानीत नाहींत. तो वाद येथें अप्रस्तुत आहे. महत्त्वाची आहे ती त्यांनीं घातलेली अट. कोणतीहि अनुपलब्धि प्रमाण नव्हे, योग्यानुपलब्धि प्रमाण. प्रकाश आहे, डोळे धड आहेत, समोर जमीन आहे, आणि घट दिसत नाहीं, तर घट नाहीं असें खुशाल म्हणावें. कारण असता तर तो दिसलाच असता. परंतु अंधारांत घट दिसला नाहीं, तर त्यावरून घटाचा अभाव ठरत नाहीं. तसेंच धर्माधर्म मुळींच डोळ्यांस दिसणारे नव्हेत. ते दिसत नाहींत म्हणून नाहींत असें म्हणतां येत नाहीं. धर्मराजाध्वरीन्द्रांच्या वेदान्तपरिभाषेंत हें विवेचन आलें आहे व तें प्रत्येक इतिहासाभ्यासकानें एकदां वाचावें, अशी आमची शिफारस आहे.

लार्च-पतंगाच्या उदाहरणास हा निकष लावून पाहिला असतां सर्व उलगडा होतो. मध्ययुगीन बखरकाराच्या दृष्टीनें पतंग हा नोंदीस योग्य विषय नव्हता. त्याचें मौन अंधारांतल्या घटासारखें, म्हणजे निरर्थक. झाडाच्या दृष्टीनें मोठी साथ ही नोंदीस योग्य होती, लहान नव्हती. म्हणून त्याचें मौन मोठ्या साथीच्या अभावाचें प्रमाण होय, लहान साथीच्या अभावाचें नव्हे. एकाच विषयावरील दोन साधनांच्या मौनांस दोन निराळ्या किंमती आल्या, त्या अशा.

ह्यावरून आपल्या कागदांपुरते तीन प्रश्न आम्ही सुचवितों. पहिला, हा लेखक ही गोष्ट लिहिता काय. त्याच्या प्रयोजनांत ती बसते काय? जमाखर्चाच्या कागदांत एखादा सत्पुरुष सांपडला नाहीं, तर त्यानें कोणास पैसा मागितला नाहीं इतकेंच सिद्ध होतें. दुसरा, लिहिण्याइतकी ती मोठी होती काय. कोणत्या मर्यादेवर हा लेखक लेखणी उचलतो? जमाबंदीच्या कागदांत टोळधाड येईल ती वसुलांत सूट मागितली तर येईल. शेताचा एक कोपरा गेला तर येणार नाहीं. तिसरा, लिहिली असती तर ती आपल्यापर्यंत पोंचती काय. मधली पानें कसर-वाळवीनें खाल्लीं कीं मुळांतच नव्हतीं? ह्या तिन्हीं प्रश्नांस 'होय' असें उत्तर आलें, तरच मौनास साक्षीदाराच्या पिंजऱ्यांत उभें करावें.

११. शेवटीं संग्राहकांस एक विनंति. वरील सर्व ज्ञान जुन्या घरांच्या तुळयांवरून मिळालें आहे. त्या तुळया सरपणांत गेल्या असत्या तर पतंगाची हजार वर्षांची बखर त्यांच्याबरोबर जळाली असती, आणि कोणास तिची उणीवहि भासली नसती. आपल्याकडे वाडे पडतात तेव्हां कागदांचे रुमाल कोणीतरी उचलतो. कडीपाट व खांब मात्र वखारवाल्याच्या गाडींत जातात. सागास वार्षिक वलयें असतात, व पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेंतील शास्त्रज्ञांनीं त्यांवरून पाऊसमानाचा अभ्यास केला आहे. सागाच्या पानांची चाळण करणारी अळीहि आपल्या अरण्यांत सर्वांच्या पाहण्यांतील आहे. असले प्रश्न पुढें कोणास विचारावयाचे झाले, तर विचारण्यासाठीं तुळया शिल्लक पाहिजेत.

म्हणून वाडा उतरतांना प्रत्येक मोठ्या तुळईच्या टोंकाची हातभर चकती कापून ठेवावी. साल किंवा सालीखालचें अगदीं बाहेरचें वलय शाबूत असेल असा भाग निवडावा. कारण झाड कोणत्या वर्षीं तोडलें हें त्यावरूनच ठरतें, आणि तें तासून गेलें असल्यास ती चकती पुष्पिका गेलेल्या पोथीसारखी होते. चकतीवर गांव, वाडा, मजला, खण व सुताराची खूण असल्यास ती, हें सर्व लिहावें. एका वाड्याची तुळई दुसऱ्यांत बसविण्याची चाल असे; तेव्हां तोडीचें वर्ष तेंच बांधकामाचें वर्ष, असें धरून चालूं नये. जागा फार लागत नाहीं, खर्च तर मुळींच नाहीं.

पोथीचा लेखक शेवटीं तेल, पाणी व सैल बांधणी ह्यांपासून आपल्या श्रमाचें रक्षण करण्याची विनवणी करतो. तुळईस अशी विनवणी लिहितां येत नाहीं. ती तिच्या वतीनें आपणच केली पाहिजे. इत्यलम्.